शिकागोची रीत

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून पुन्हा रोजची नोंद ठेवायची. पुढच्या तीन आठवड्यांत जे घडेल ते कुणीतरी नीट लिहून ठेवायला हवं, आणि आमच्या रेल्वे पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, नीट लिहिणारा मीच आहे.

गजभिये साहेबांनी काल विहारात वंदना झाल्यावर जाहीर केलं, की अभ्यासिकेच्या अध्यक्षपदाला ते पुन्हा उभे आहेत. अठरा वर्षं झाली. पलीकडच्या बीरगावातल्या कारखान्याच्या कामगारांनी लगेच संघर्ष मेश्रामचं नाव पुढे केलं. दोन्ही गट चिडलेले आहेत आणि त्याला कारण आहे. ज्या जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत अभ्यासिका चालते, ती इमारत जानेवारीत पाडणार. सरकारी कार्यालयाने आम्हाला दोन भूखंड दाखवले आहेत, एक इथे रेल्वे पाऱ्याजवळ, एक बीरगावात. दोनांतला एक निवडून, नव्याने निवडलेल्या अध्यक्षाच्या सहीचा अर्ज २८ तारखेच्या आत गेला पाहिजे. नाही गेला तर दोन्ही भूखंड गेले. चौसष्ट पोरं-पोरी सरकारी नोकरीसाठीच्या व्यापमच्या परीक्षांचा अभ्यास तिथे बसून करतात. त्यांनी जायचं कुठे?

गजभिये साहेबांना बीरगाव मान्य नाही. संघर्षला रेल्वे पारा मान्य नाही. म्हणजे दोघांपैकी कुणीही आला तरी अर्धी माणसं उठून जाणार.

मी उभा राहतो आहे. दोघांशी माझं बोलणं आहे. शिकलेला आहे, रेल्वेच्या ऑफिसात चौतीस वर्षं काढली आहेत, आणि कागद कसा हलतो हे मला माहीत आहे.

कमलाला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही काहून उभे राहून राहिले जी? तुम्हाले चार पायऱ्या चढल्या त दम लागते."

अध्यक्षाला पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, असं मी तिला समजावलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

युक्ती सापडली. खरं तर ती चाळीस वर्षं माझ्याकडेच होती.

एम.ए.ला असताना अमेरिकेच्या राजकारणावरचं एक इंग्रजी पुस्तक जुन्या बाजारातून घेतलं होतं. त्यातला १८८० सालचा भाग आज चौथ्यांदा वाचला. रिपब्लिकन पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला शिकागोत सातशे छप्पन्न प्रतिनिधी जमले. एका बाजूला ग्रांट, दोनदा राष्ट्राध्यक्ष राहिलेला, तिसऱ्यांदा मागणारा. दुसऱ्या बाजूला ब्लेन. दोघांची माणसं हटेनात. तिसरा शर्मन, अर्थमंत्री, थोडी मतं असलेला. नियम एवढाच, की कुणाला तरी अर्ध्याच्या वर मतं पडेपर्यंत मतदान पुन्हा पुन्हा घ्यायचं. सर्वांत मागे असलेल्याला बाद करायचं नाही, आणि मध्येच नवं नाव आलं तरी चालेल. छत्तीस फेऱ्या झाल्या! छत्तिसाव्या फेरीत गारफिल्ड निवडून आला, जो शर्मनच्या बाजूने भाषण करायला आला होता.

चहाच्या वेळी कमलाला आणि रीनाला हे सगळं सांगितलं. रीना म्हणजे आमची सून, धम्मदीपची बायको. धम्मदीप बिलासपूरला नोकरीला, आठवड्यातून एकदा येतो. रीना इथल्या सरकारी दवाखान्यात औषधं देते आणि संध्याकाळी अभ्यासिकेत बसते. कुलूप, हजेरी, पुस्तकं, भांडणं, सगळं तीच पाहते. मी वरून मार्गदर्शन करतो.

"म्हणजे दोघांची कोंडी झाली की लोकांची नजर तिसऱ्याकडे वळते," मी म्हणालो. "इथे तिसरा मी."

कमला म्हणाली, "पण तुम्ही त म्हणता, तिसरा नाही आला. त्याच्यासाठी बोलणारा आला."

"ते तिथलं झालं."

"आन् तुमच्यासाठी कोण बोलन?"

"रीना बोलेल. बोलते चांगली."

कमला गॅस बंद करायला उठली. तिला राजकारणात रस नाही.

रीना म्हणाली, "बाबा, मैं बोल दूँगी. पण आधी एक सांगा, भूखंड कुठला घेणार तुम्ही?"

मी म्हणालो, ते निवडून आल्यावर पाहू. ती कप विसळायला उठली. पटलं असावं.

९ नोव्हेंबर, रविवार

नियम ठरवायची बैठक झाली. मोठा विजय.

पाच घरांमागे एक प्रतिनिधी, आणि अभ्यासिकेतल्या मुलांचे दोन, असे एकूण एकेचाळीस. एकवीस मतं मिळवील तो अध्यक्ष. आमच्या पाच घरांतून कमलाचं नाव आलं, पुढच्या पाचांतून माझं (तिथल्या लोकांना वेळ नव्हता). मुलांनी रीनाला आणि एका मुलीला निवडलं.

गजभिये साहेब उभे राहून म्हणाले, "प्रत्येक पाऱ्याचं मत एकमुस्त धरा. रेल्वे पाऱ्यात बहुमत ज्याचं, सगळी मतं त्याची."

हा डाव मी ओळखला. शिकागोत ग्रांटच्या लोकांनी नेमकं हेच मागितलं होतं, की राज्यातले सगळे प्रतिनिधी एकाच माणसाला मत देतील. ते तिथे फेटाळलं गेलं. मी अर्धा तास बोललो. एकमुस्त झालं तर माणसाच्या मताला अर्थ काय, असा सवाल टाकला. टाळ्या पडल्या. हात वर करून मतं घेतली, गजभिये साहेब हरले. फेऱ्यांची रीतही मान्य झाली. सगळे तिला आता "शिकागोची रीत" म्हणताहेत. संघर्षने तर मला हसून नमस्कार केला.

सभेच्या अध्यक्ष म्हणून अंजनाबाई. वय अठ्ठ्याहत्तर, रेल्वेच्या इस्पितळात आया होत्या, निम्मा पारा त्यांच्या हातावर जन्मला. त्यांच्यापुढे कुणी आवाज चढवत नाही.

घरी आल्यावर कमला म्हणाली, "त्या गारफिल्डचं पुढं काय झालं?"

"राष्ट्राध्यक्ष झाला. चार महिन्यांत गोळी घातली त्याला. वारला."

"हे सभेत नका सांगू, बापा."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बीरगावला जाऊन आलो. रीनाने अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. कारखान्याच्या पाळीवरून सुटलेली माणसं, बायका, मिळून साठेक जण संघर्षच्या घरासमोर सतरंज्यांवर बसले होते. प्रतिस्पर्ध्याच्या दारात बोलायचं म्हणजे हिंमत लागते. मी चाळीस मिनिटं बोललो. शिकागोचं सभागृह, हजारोंची गर्दी, सगळं उभं केलं.

भाषणाचा परिणाम डोळ्यांना दिसला. संपताच सगळ्या बायका रीनाभोवती जमल्या. मला थेट विचारायला लाजत असणार. एकीची मुलगी सहा वाजताच अभ्यास सोडून निघते, कारण पुढे ऑटो मिळत नाही. एकीच्या मुलीला संध्याकाळी पाठवायला नवरा तयार नाही. रीना वहीत लिहून घेत होती. नवऱ्यांशीही बोलली. मी संघर्षला म्हणालो, "बघ, तुझ्या गावातही माझं वजन आहे."

तो म्हणाला, "हव काका. भाषण भारी झालं. पण दीदी रविवारी येतील ना? पोट्टे वाट पाहून राहिले."

मी म्हणालो, येईल. माझ्या प्रचारासाठी मी तिला पाठवीनच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज जरा मनातलं लिहितो. हे कुणी वाचणार नाही.

मला हे पद का हवं? पोरांसाठी, असं सगळ्यांना सांगतो, आणि ते खोटं नाही. पण रेल्वेत चौतीस वर्षं मी दुसऱ्याच्या सहीसाठी कागद तयार केले. मसुदा माझा, टिपण माझं, खाली सही साहेबांची. तीन वेळा कार्यवाहक म्हणून मोठ्या खुर्चीत बसलो, तिन्ही वेळा नवा साहेब आला की उठलो. एकदा तरी कागदावर शेवटी माझं नाव यावं. एवढंच.

हे रीनाला कळलं असावं. काल मला म्हणाली, "बाबा, तुम्ही अध्यक्ष व्हा. मी मनापासून बोलीन." पोरगी गुणाची आहे.

कमलाने रीनाच्या डब्यावर चिकटपट्टी लावून "रिना" लिहिलं आहे. री दीर्घ, हे तिला आठव्यांदा सांगितलं. म्हणाली, "डबा त बरोबर पोहोचते नं?"

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

हिशेब पक्का आहे. गजभिये साहेब सतरा. संघर्ष पंधरा. मी नऊ. अभनपूर या जवळच्या गावचे चार प्रतिनिधी माझ्याकडे आहेत, तिथे मी स्वतः जाऊन आलो. तीन-चार फेऱ्यांत दोघं थकतील आणि कुणीतरी म्हणेल, चला, शामराव बरे. मला घाई नाही.

रीनाच्या भाषणाचा मसुदा मी लिहून दिला आहे. पाच पानं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दहाला सभा सुरू झाली, अडीचला संपली. सगळं क्रमाने लिहितो.

आधी भाषणं. गजभिये साहेबांसाठी त्यांचा पुतण्या बोलला. संघर्षसाठी प्रशिक नावाचा कारखान्यातला मुलगा. मग रीना उठली. माझी पाच पानं तिने टेबलावर उलटी ठेवली. मला वाटलं, पाठ केलं आहे.

ती म्हणाली, "शामराव बाबा माझे सासरे आहेत, म्हणून नाही, पण एक सांगते. या अभ्यासिकेचा पहिला अर्ज त्यांनी लिहिला होता. विजेचं मीटर त्यांच्या पत्रावर आलं. त्यांच्या नावाची पाटी कुठेच नाही." मग वही उघडली. "चौसष्टपैकी एकोणचाळीस पोरं बीरगावकडून येतात. त्यात सतरा मुली. त्या संध्याकाळी सहालाच निघतात, कारण पुढे ऑटो नसते. ज्या दोन तासांत खोली शांत असते, त्याच दोन तासांत त्या रस्त्यावर असतात. आपण भांडून राहिलो की अभ्यासिका कोणाच्या पाऱ्यात. मी म्हणते, ती त्यांच्या घराजवळ पाहिजे ज्यांना यायला जमत नाही. आणि रेल्वे पाऱ्यातल्या पोरांना सकाळी बीरगावची बस मिळते, मी वेळा काढल्या आहेत, या पाहा." शेवटी म्हणाली, "बाबांना मत द्या."

मला जरा रागच आला. भूखंडाचं निवडणुकीनंतर पाहू, असं ठरलं होतं. पण सभा इतकी कान देऊन ऐकत होती, की गजभिये साहेबांचा पुतण्यादेखील बसच्या वेळा लिहून घेत होता.

पहिली फेरी: गजभिये सतरा, संघर्ष पंधरा, मी नऊ. माझा हिशेब अचूक.

दुसरी फेरी: सतरा, पंधरा, मी आठ. आणि एक चिठ्ठी रीनाच्या नावाची. लोक हसले. अंजनाबाईंनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. मी पाहिली, "रिना" लिहिलं होतं, री ऱ्हस्व. कुणातरी अशिक्षिताची थट्टा. शेजारी बसलेल्या कमलाला म्हणालो, "माझं एक मत कुणी फोडलं कळत नाही." ती पदराने चष्मा पुसत होती.

तिसरी, चौथी, पाचवी, सहावी, तेच आकडे. दर फेरीत ती एक चिठ्ठी. सहावीनंतर चहा झाला. बाहेर संघर्ष आपल्या माणसांशी काहीतरी बोलत होता.

सातवी फेरी: गजभिये सतरा, संघर्ष नऊ, मी आठ, रीना सात.

सभेत एकदम गलका झाला. रीना उभी राहिली, चेहरा उतरलेला. "अंजनाआजी, माझी हरकत आहे. मी उमेदवार नाही. मी बाबांसाठी बोलायला आले. मला विचारल्याशिवाय माझं नाव लिहायचा कुणाला अधिकार नाही. ही मतं रद्द करा."

गजभिये साहेब म्हणाले, "बरोबर बोलून राहिली पोरगी. रद्द करा."

अंजनाबाई माझ्याकडे वळल्या. "शामराव, ही तुमची रीत आहे. त्या गावात असं झालं होतं का? झालं असन त काय केलं त्यायनं?"

एकेचाळीस माणसं माझ्याकडे पाहू लागली.

इथे मी खरं लिहिणार आहे. पुस्तक माझ्या घरी आहे. इंग्रजी आहे. त्या सभेत ते वाचलेला दुसरा माणूस नव्हता. "मतं रद्द झाली" एवढं म्हणालो असतो तर विषय संपला असता, आणि पुढच्या फेरीत संघर्षची ती सहा मतं माझ्याकडे आली असती. हे सगळं माझ्या डोक्यात एका श्वासात येऊन गेलं. रीना माझ्याकडे पाहत होती. तिला वाटत होतं की मी "रद्द झाली" म्हणावं.

मी उठलो. म्हणालो, "झालं होतं. अगदी हेच. चौतिसाव्या फेरीत गारफिल्डला मतं पडायला लागली. तो उठून हेच म्हणाला, की माझ्या संमतीशिवाय माझं नाव घेता येत नाही. सभाध्यक्षाने त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. खाली बसवलं. मतं मोजली गेली."

अंजनाबाई रीनाला म्हणाल्या, "बस बाई खाली."

रीना बसली. माझ्याकडे पाहिलं नाही.

आठवी फेरी: गजभिये सोळा, रीना नऊ, संघर्ष आठ, मी आठ.

आता आकडे काय सांगतात ते मला कळत होतं. कागद कुठल्या दिशेला चालला आहे हे मला पहिल्यापासून कळतं, तेवढंच एक मला येतं. पुढच्या फेरीत नाही तर त्याच्या पुढच्या फेरीत संघर्षची उरलेली माणसं रीनाकडे जाणार होती. माझी आठ अडून बसली असती तर? गजभिये साहेबांना चार-पाच मतं कुठूनतरी मिळाली असती, किंवा सभा मोडली असती, आणि २८ तारीख.

शर्मन शिकागोत नव्हता. त्याने वॉशिंग्टनहून तार पाठवली होती, की माझी मतं गारफिल्डला द्या. पुस्तकात ती दोन ओळींत आहे. मी ती चारही वेळा भरभर वाचून पुढे गेलो होतो.

मी पुन्हा उठलो. "ज्यांनी मला मत दिलं त्यांचे आभार. पुढच्या फेरीत ते मत रीनाला द्या, अशी माझी विनंती आहे." आणखी काही बोलायचं होतं, पण दम लागला. खाली बसलो. संघर्ष लगेच उभा राहिला आणि आपल्या लोकांना तेच म्हणाला.

नववी फेरी: रीना पंचवीस, गजभिये पंधरा, मी एक.

टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी ती माझ्या नावाची एक चिठ्ठी हातात घेतली. सुंदर, गोलसर अक्षर, सगळे ऱ्हस्व-दीर्घ बरोबर. अभ्यासिकेच्या हजेरीच्या वहीत हे अक्षर मी रोज पाहतो. चिठ्ठी खिशात ठेवली. नियमाने ती ठेवता येत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रीना सकाळी माझ्याशी बोलली नाही. डबा न घेताच निघाली. कमला म्हणाली, "जा, बोला तिच्याशी. तिले वाटून राहिलं की तिनं तुमचं हिसकून घेतलं."

दुपारी दवाखान्यात गेलो. खिडकीपुढे रांग होती, रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा ती म्हणाली, "बाबा! काय झालं? दुखून राहिलं काही?"

"नाही. अध्यक्षांना भेटायला आलो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी राजीनामा देते. सगळे म्हणतील, सुनेने सासऱ्याला फसवलं. तुम्ही खोटं बोलला असता तर चाललं असतं. मला चाललं असतं."

मागचा माणूस म्हणाला, "दीदी, जल्दी करिए."

मी म्हणालो, "राजीनामा दिलास तर पुन्हा सभा, पुन्हा फेऱ्या. तारीख निघून जाईल. अर्जाचा मसुदा मी रात्रीच केला आहे. तू सही कर आणि मग मला काय शिव्या द्यायच्या त्या दे."

"शिव्या काहून देऊ?" ती म्हणाली. मग नाक पुसत विचारलं, "कुठला भूखंड लिहिला?"

"बीरगाव."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

अर्ज दाखल. एक दिवस आधी. कार्यालयातल्या बाबूने पेन माझ्यापुढे धरलं, सवयीनेच. मी ते रीनाकडे सरकवलं. मसुद्यात एकही चूक निघाली नाही. बाबू म्हणाला, "किसने बनाया है? बहुत साफ है." रीनाने माझं नाव सांगितलं, पूर्ण नाव, निवृत्त पदासकट.

गजभिये साहेब रविवारपासून विहारात बोलत नव्हते. आज त्यांनी रीनाला बोलावून अभ्यासिकेच्या, अध्यक्षाकडे असणाऱ्या जादा किल्ल्या दिल्या आणि सकाळची बस नक्की किती वाजता, ते विचारलं. त्यांचा नातू त्या बसने जाणार आहे.

२ डिसेंबर, मंगळवार

रीनाने मला काम लावलं आहे. दर रविवारी सकाळी सातला बीरगावात राज्यशास्त्राचा तास. मी म्हणालो, या वयात? ती म्हणाली, "बाबा, चाळीस मिनिटं बोलता तुम्ही. कुणीतरी ऐकायला पाहिजे ना." कमला खूप हसली. विचार करतो, असं मी सांगितलं. स्वेटर काढून ठेवला आहे.

१४ डिसेंबर, रविवार

पहिला तास झाला. संघर्षच्या घरासमोर सतरंजी, सकाळचा गारठा, बावीस जण. चौदा मुली. शिकागोच सांगितलं, कारण ते मला तोंडपाठ आहे. सातशे छप्पन्न प्रतिनिधी, ग्रांट, ब्लेन, शर्मन, छत्तीस फेऱ्या, तार. तारेचा भाग या वेळी सावकाश सांगितला. पोरं ऐकत होती. तेवढं मला कळतं.

शेवटी म्हणालो, कुणाला काही विचारायचं आहे? पहिल्या रांगेतली एक मुलगी, लाल शाल गुंडाळलेली, म्हणाली, "सर, वो सात सौ छप्पन में औरतें कितनी थीं?"

मी पुस्तकातली पानं आठवली. गॅलरीत होत्या. रुमाल हलवत होत्या, असं लिहिलेलं आहे. पण खाली, मत देणाऱ्यांत?

"एक भी नहीं," मी म्हणालो.

तिने ते वहीत लिहून घेतलं. पुस्तक मी चार वेळा वाचलं आहे, चाळीस वर्षांत. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.